माळावरचं काँग्रेस, शेजारची द्राक्षं : प्रकल्प नोंदी

४ जून

सोलापूरजवळच्या नान्नज-वडाळा पट्ट्यात आमचा साडेपाच एकरांचा माळ आहे. वरचा निम्मा नुसता मुरूम, खाली वगळीकडे वीत-दीड वीत काळी. आजोबांच्या काळात इथं मारवेल आणि पवना गुडघ्याला लागायचा असं आई सांगते. आता मारवेल फक्त बांधाच्या आडोशाला उरलंय, मोकळ्यावर कुसळ, आणि जिथं जिथं जनावरांच्या पायांनी जमीन उघडी पडलीय तिथं काँग्रेस. कागदावर गाजरगवत, पण गोठ्यात त्याला काँग्रेसच म्हणतात.

हे तण पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं १९५५ साली. तिथून पुढं सगळ्या देशात. एक झाड पंचवीस हजारांपर्यंत बी टाकतं, त्यामुळे एक पावसाळा दुर्लक्ष केलं की पुढची कैक वर्षं फेडत बसा. म्हशी सहसा तोंड लावत नाहीत, पण चारा कमी पडला की कोवळं खातात आणि मग दूध कडू लागतं. मागच्या श्रावणात डेअरीवरून एका वेळचं दूध परत आलं ते यामुळेच, अशी आईची खात्री आहे.

यंदा ठरवलंय की माळ परत गवताखाली आणायचा. रुंद पानाची तणं मारणारं आणि गवताला न दुखावणारं तणनाशक हा त्यातला एक भाग. किती मोठा भाग, ते काम पुढं जाईल तसं कळेल. नोंदी ठेवतोय कारण गावात आणखी दोघा-तिघांना हेच करायचंय.

७ जून

आज कागदावर माळाचा नकाशा काढला. पश्चिमेला पाणंद, उत्तरेला गावची पडीक जमीन, दक्षिणेला चुलत्यांची तूर होणार आहे, आणि पूर्वेला शेजारच्या तात्यांची द्राक्षबाग. पावसाळ्यात आमच्याकडे वारं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतं. म्हणजे माळावर जे काही हवेत उडेल ते सरळ तात्यांच्या बागेत. पूर्ण प्रकल्पातली सगळ्यात मोठी अडचण ही एकच आहे, बाकी सगळं पैशानं नाहीतर अंगमेहनतीनं सुटतं.

मग पायी फिरून कुठं काय उगवतंय ते लिहिलं. खालच्या पट्ट्यात तीन वर्षांपूर्वी आम्ही स्टायलो (चाऱ्याचं पीक) टाकला होता, तो चांगला धरलाय. स्टायलो द्विदल आहे. रुंद पानाचं तणनाशक त्यालाही काँग्रेसबरोबर झोपवणार. शेळ्या ज्या रानमुगाच्या वेलांवर जगतात तेही द्विदल, आघाडाही रुंद पानाचाच. औषधाला पान रुंद आहे की गवताचं एवढंच कळतं, चाऱ्याचं की बिनकामाचं हे नाही कळत. २,४-डी हे असंच रुंद पानाच्या तणांचं औषध. 'कुरणात एकदा २,४-डी मारून घ्या, सगळं साफ' असं सांगणारे भेटतात. त्यांच्याकडे शेळ्या नसाव्यात.

म्हणून अख्ख्या माळावर फवारणी हा विचार आजच काढून टाकला. जिथं काँग्रेसशिवाय दुसरं काहीच नाही असे तुकडे नकाशावर लाल पेनने रंगवले: पाणंदीची कड, जुन्या उकिरड्याची जागा, गोठ्यामागचा मोकळा भाग, आणि वरच्या मुरमावरचे दोन-चार पट्टे.

११ जून

सोलापुरात मार्केट यार्डाच्या बाजूला खरेदीला गेलो. पहिल्या दुकानात "तणनाशक पाहिजे" एवढंच म्हणालो, तर काउंटरवर ग्लायफोसेटची बाटली आली. हे औषध गवत, तण, पीक काही बघत नाही, हिरवं दिसेल ते मारतं. मारवेल वाचवायला निघालेल्या माणसाच्या हातात ते देणं म्हणजे कमालच. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता ठेवलाय. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सगळेच नेतात की." नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात नीट बोलणारा मुलगा भेटला. कृषी पदविका झालेला. त्याच्याकडून जे कळलं आणि मी आधी वाचून गेलो होतो ते जुळलं. २,४-डी आपल्याकडे तीन रूपांत मिळतं: ३८ टक्के इथाइल इस्टर, ५८ टक्के अमाइन सॉल्ट आणि ८० टक्के सोडियम सॉल्टची पावडर. मारणारा घटक एकच, पण वागणूक वेगळी. इस्टर पानात लवकर शिरतो, पाऊस आला तरी फार धुतला जात नाही, म्हणून लोकांना आवडतो. पण त्याची वाफ होते. फवारून झाल्यावर, वारं पडल्यावर, दुपारी ऊन तापलं की पानावरून, मातीवरून वाफ उठते आणि शेजारच्या रानात जाते. सॉल्टचं तसं होत नाही. सॉल्ट उडाला तर फवारताना थेंबांतूनच उडतो, आणि थेंब आवरणं माणसाच्या हातात असतं.

द्राक्षाइतकं २,४-डी ला घाबरणारं पीक क्वचितच. कापूस, टोमॅटो, मिरची, तूरही त्याच पंगतीत, पण द्राक्ष पहिल्या पाटावर. पूर्वेला बाग असताना इस्टर घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मुलानं आणखी एक पुडी दाखवली, मेटसल्फ्यूरॉन मिथाइल २० टक्के. एकरी काही ग्रॅमच लागतं, स्वस्त पडतं. नको म्हणालो. या गटातली औषधं आम्लधर्मी मातीत लवकर तुटतात, आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या काळ्या रानात मात्र रेंगाळतात. पुढच्या हंगामात तिथं हरभरा, करडई किंवा परत स्टायलो टाकायचा झाला तर कशाला ती टांगती तलवार.

सोडियम सॉल्टची पावडर घेतली. घेण्याआधी पुडा फिरवून बघितला. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नावात कीटक असला तरी तणनाशकंही त्यातच येतात. पुड्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, बनवल्याची तारीख, संपण्याची तारीख, आणि तो चौकोनातला रंगीत त्रिकोण. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लोक हिरवा-निळा बघून निर्धास्त होतात. पण तो रंग पोटात गेलं तर किती जहाल यावरून मुख्यतः ठरतो. डोळ्यात गेलं तर काय, हे त्रिकोण सांगत नाही, ते आतल्या पत्रकात बारीक अक्षरात असतं.

पक्कं बिल मागितलं. बॅच नंबर बिलावर लिहून घेतला. सुट्टी पावडर कागदात बांधून देतो म्हणणारेही आहेत यार्डात, दोन पैसे कमी पडतात. फसलं तर तक्रार कुणाच्या नावानं करणार?

१२ जून

रात्री चष्मा लावून पत्रक वाचलं. पिकांच्या रकान्यात ज्वारी, मका, गहू, ऊस अशी नावं. कुरण हा शब्द कुठंच नाही. पीक नसलेल्या जागेतलं गाजरगवत, अशी एक ओळ आहे. त्याच ओळीसाठी हा पुडा घेतलाय.

याचा अर्थ सरळ आहे. जनावरं रोज चरतात त्या जागेवर हे मारायला पत्रकाची मोकळीक नाही, आणि म्हणूनच फवारल्यावर जनावरं किती दिवसांनी सोडायची हेही त्यात नाही. अमेरिकेत २,४-डी कुरणांवर सर्रास वापरतात, तिथल्या काही लेबलांवर दुभत्या जनावरांसाठी ७ दिवसांची अट असते. पण ती तिथल्या औषधाची, तिथल्या मात्रेची. आपल्या पुड्यावर नसलेला आकडा तिकडून उचलून आणायचा नाही.

किसान कॉल सेंटरला (१८००-१८०-१५५१) फोन करून हेच विचारलं. पलीकडच्या बाईंनी पत्रकापलीकडं जाऊ नका असंच सांगितलं. म्हणून लाल पेनचे तुकडे यंदा चराईतून बाहेर काढायचे, तारेनं बंद करायचे, आणि तिथं पीक नसलेली जागा समजूनच फवारायचं. उरलेल्या माळावर खुरपं आणि हात.

आईनं विचारलं, हे औषध कॅन्सरचं आहे का. मोबाईलवर तिनंच कुठंतरी ऐकलेलं. खरं ते सांगितलं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये २,४-डी ला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलंय. पुरावा मर्यादित, पण शून्य नाही. आपल्या सरकारच्या २०२० च्या २७ रसायनांवरच्या बंदीच्या मसुद्यातही त्याचं नाव होतं, नंतर बंदी आली नाही. आई म्हणाली, "मग गोठ्यामागं मारायचं नाही. तिथं मी बसते." गोठ्यामागचा तुकडा नकाशावरून खोडला.

१८ जून

पाण्याची परीक्षा. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, तव्यावर आटवलं तर पांढरा थर राहतो. २,४-डी चे सॉल्ट अशा जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. तेवढं औषध वाया, वर नोझल तुंबतं ते वेगळंच.

दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, एकीत पत्र्यावरून धरलेलं पावसाचं. हातमोजे घालून दोन्हीत चिमूट चिमूट पावडर ढवळली आणि ओट्यावर नाही, बाहेर कट्ट्यावर ठेवली. थोड्या वेळानं पावसाची बरणी जवळपास निवळ होती. बोअरच्या बरणीत दही फाटावं तसे पांढरे कण तळाशी बसलेले, ढवळलं की परत वर यायचे. फवारणीला पावसाचंच पाणी, दोन ड्रम भरून झाकून ठेवलेत. बरण्या फोडून उकिरड्याच्या जागी पुरल्या, परत लोणच्याला नकोत.

२२ जून

आज साध्या पाण्यानं मापं घेतली. हे काम कुणी करत नाही आणि सगळा घोळ इथंच होतो.

दुकानात सांगतात 'पंपाला इतके ग्रॅम'. पण एका पंपात किती जमीन भिजते हे माणसागणिक बदलतं. जोरात चालणारा सहा गुंठे उरकतो, सावकाश चालणारा तीन. पंपाला सारखंच औषध टाकलं तर दुसऱ्याच्या रानात पहिल्याच्या दुप्पट पडणार.

पत्रकावर मात्रा हेक्टरी असते. हेक्टर म्हणजे अंदाजे शंभर गुंठे, आणि गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. हे एकदा डोक्यात बसलं की गणित सोपं आहे. ३३ फुटांची दोरी टाकून चौकोन आखला, चार खुंट्या ठोकल्या. मामांनी (गावात फवारणीला सगळे त्यांनाच बोलावतात) पंपात मोजून दहा लिटर पाणी भरलं आणि नेहमीच्या चालीनं तो गुंठा भिजवला. उरलेलं पाणी मोजलं. चार लिटर गेलं होतं. म्हणजे १६ लिटरच्या पंपात चार गुंठे, एकराला दहा पंप, १६० लिटर.

आता उदाहरणाला धरा की पत्रकावर हेक्टरी एक किलो लिहिलंय. गुंठ्याला दहा ग्रॅम, पंपाला चाळीस. हाच माणूस गुंठ्याला तीन लिटरमध्ये भागवत असता तर पंपाला त्रेपन्न आले असते. खरा आकडा ज्याच्या त्याच्या पुड्यातल्या पत्रकाचा घ्यायचा, आणि पाणी पत्रकात सांगितलंय त्या हिशोबात बसतंय का हेही बघायचं.

मामांच्या पंपाला कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल होतं. त्यातून धुक्यासारखे बारीक थेंब उडतात. किडीसाठी बरोबर, तणनाशकाला नाही. चपटा फवारा पाडणारं, कट नोझल म्हणतात ते बसवलं, बॅटरीचा जोर कमी केला. थेंब जाड झाले, जिथल्या तिथं पडायला लागले. मामा म्हणाले, "पान भिजंना झालंय." पानाखालून पाणी ओघळेपर्यंत भिजवायची सवय आहे. ओघळलेलं औषध मातीत जातं, झाडात नाही, एवढं बोलून झाल्यावर त्यांनी मान हलवली, पण पटलं असं वाटलं नाही.

२६ जून

तात्यांकडे गेलो. न सांगता फवारलं आणि पुढं बागेत काही झालं तर ते माझ्याच नावावर, आणि बरोबरच आहे ते. सोनाका ही जात ज्या नान्नजमध्ये निघाली तिथल्या माणसाला द्राक्षाबद्दल काय शिकवणार.

तात्यांनी एका बागेतली जुनी गोष्ट सांगितली, कुणाची ते विचारलं नाही. बांधावर कुणीतरी इस्टर मारलेला. आठवड्यात शेंड्याची पानं पंख्यासारखी झाली, शिरा एकमेकींशेजारी समांतर उभ्या, कडेला करवतीचे दात. मोठी पानं तशीच राहतात, नवी फूट मात्र बिघडते. आता जूनमध्ये एप्रिल छाटणीच्या काडीतली सूक्ष्म घडनिर्मिती (डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी) उरकत आलेली, काडी पिकायला लागलेली. अशा वेळी बिघडलेली काडी ऑक्टोबर छाटणीला कुठं जाणार?

"तुजं काँग्रेस मरंल, माजं वरीस जाईल. वारं बघून मार बाबा," एवढंच म्हणाले.

ठरलं असं: पूर्वेच्या कडेपासून शंभर फूट काहीच फवारायचं नाही, तिथलं काँग्रेस आम्ही उपटायचं. उरलेल्या तुकड्यांना सुरुवात करताना त्यांना फोन करायचा. ते स्वतः बागेच्या कडेला येऊन उभे राहणार.

२८ जून

सकाळी सगळं तयार होतं. काठीला बांधलेली कापडाची पट्टी सरळ आडवी झाली. बंद. मामांची मजुरी दिली, काम न होता.

२ जुलै

परवा पाऊस झाला, काल उघडीप. काँग्रेस जोमात, बहुतेक झाडं अजून जमिनीला चिकटलेल्या पानांच्या अवस्थेत, फूल नाही. हीच वेळ. फुलावर आलेलं झाड पानं जाळून घेतं आणि खोडातून परत फुटतं.

सकाळी आठला पट्टी हळूच हलत होती, पाणंदीच्या दिशेनं, बागेच्या उलट. एकदम ठप्प वारं असलं तरी बरं नसतं, पहाटेच्या थंड थराखाली बारीक थेंब तरंगत राहतात आणि कुठंही जातात. थोडं, एका दिशेचं, बागेपासून लांब जाणारं वारं चांगलं. तात्यांना फोन केला. ते आले, बांधावर उभे राहिले, तंबाखू मळली.

जनावरं गोठ्यात. शेळ्या बहिणीच्या वाड्यात पाठवल्या, कारण शेळी तारेखालून जाते.

मामा नेहमी उघड्या अंगानं, धोतर वर खोचून फवारतात. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं कितीतरी शेतकरी, मजूर गेले. ती कीटकनाशकं होती हे खरं, पण धडा सगळ्यांना एकच. मामांना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, गमबूट, नायट्राइलचे हातमोजे आणि बंद चष्मा दिला. चष्म्यावर मी अडून बसलो. २,४-डी चे सॉल्ट डोळ्याला फार वाईट, बुबुळाला इजा होऊ शकते. पावडर मिसळताना धोका सगळ्यात जास्त, फवारताना नाही, कारण तिथं औषध पातळ झालेलं असतं. मिसळायची जागा ड्रमजवळ, गोठ्यापासून आणि बोअरपासून लांब. साधं पाणी भरलेली बादली शेजारी, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं धुवायला.

पावडर आधी मग्यात थोड्या पाण्यात कालवून पातळ केली, मग निम्म्या भरलेल्या पंपात ओतली, वरून उरलेलं पाणी. कोरडी पावडर थेट पंपात टाकली की गोळ्या होतात, आणि वाऱ्यावर तोंडाकडे येते.

मामा वाऱ्याच्या आडव्या दिशेनं, फवारलेल्या पट्ट्याकडे पाठ करून चालले. नोझल गुडघ्याच्या खाली. वरच्या मुरमावर मारवेलच्या ठोंबांमधून काँग्रेस होतं, तिथं ते थांबून, वाकून मारत होते. दुपारच्या आत उरकलं. तात्या तोवर उभे होते, मग काही न बोलता गेले. याला आमच्याकडे होकार म्हणतात.

नंतरचं काम: पंप तीनदा धुतला, प्रत्येक वेळी थोड्या पाण्यानं, आणि ते पाणी त्याच तुकड्यावर मारलं. मग धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भरून ठेवला. तरी हा पंप आता फक्त तणनाशकाचाच, टाकीवर लाल रंगानं मोठी फुली मारली. पंपात राहिलेलं चमचाभर २,४-डी डाळिंबावर, टोमॅटोवर जायला नको. मामांचे कपडे वेगळ्या बादलीत, घरातल्या धुण्यात नाही. उरलेली पावडर मूळ पुड्यातच, कुलूप असलेल्या पेटीत. पाण्याच्या, शरबताच्या बाटलीत तणनाशक ओतून ठेवणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे, आणि त्यातून घरातलं पोर जातं. २,४-डी वर नेमका उतारा नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. म्हणून पुड्याचं पत्रक दवाखान्यात सोबत नेता आलं पाहिजे. एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा नंबर, १८०० ११६ ११७, पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलाय.

६ जुलै

काँग्रेस मुरगळलंय. खोड पिळवटलंय, पानं खाली वळून गोळा झालीत. झाडाला स्वतःच्याच वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक झाल्यासारखं होतं, ते वेडंवाकडं वाढत मरतं. मारवेलच्या पात्याला काही नाही.

आजची गोष्ट महत्त्वाची आहे. मरणाऱ्या तणात साखर वाढते, काहींत नायट्रेटही. जे झाड एरवी जनावर हुंगून सोडतं ते आता त्याला गोड लागतं. म्हणजे फवारणीनंतरचे पहिले काही दिवस, जेव्हा माणसाला वाटतं की आता मेलंच आहे, तेव्हाच चरण्याचा धोका जास्त. आज खिलाराची एक गाय तारेला मान लावून उभी होती. तारेची दुसरी ओळ ओढली.

तात्यांच्या बागेत जाऊन शेंडे बघितले. सरळ, स्वच्छ.

१९ जुलै

लहान झाडं वाळून काळी. मोठ्यांपैकी काही खोडाच्या बुडातून हिरवी फुटली, मुख्यतः पाणंदीच्या कडेला, जिथं आधीच फुलं धरलेली. त्यांना परत औषध नाही, हातानं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या इथंही लागतात, काँग्रेसच्या स्पर्शानं अंगावर पुरळ उठतं, काहींना दम्यासारखं होतं.

वरच्या मुरमाच्या न फवारलेल्या बाजूला पानांवर पिवळट, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले. मेक्सिकन भुंगेरा. गाजरगवतासाठी १९८४ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडला होता. आमच्याकडे कुणी आणला नाही, स्वतःच आला. पानांची चाळण झालीय. त्या बाजूला फवारायचं नाही, भुंगेऱ्याला काम करू दे.

११ ऑगस्ट

तण मेलं की जागा उघडी पडते आणि उघडी जागा रिकामी राहत नाही. बांधावरच्या मारवेलची ठोंबं काढून फवारलेल्या तुकड्यांवर हात-हात अंतरावर लावली, मध्ये अंजन गवताचं बी टाकलं. २,४-डी ओलसर, उबदार मातीत काही आठवड्यांत विरतं म्हणून इतका वेळ थांबलो. कोवळ्या गवताला ते चालत नाही, मुळं धरलेल्या गवतालाच चालतं.

शेणखताचं एक विचारात होतं. विलायतेत २००८ च्या सुमारास अमिनोपायरॅलिड नावाच्या कुरणाच्या तणनाशकानं मोठा गोंधळ झाला होता. गवतातून जनावरात, शेणातून खतात आणि खतातून लोकांच्या टोमॅटोत ते पोचलं. २,४-डी तसं टिकत नाही. तरीही फवारलेल्या तुकड्यांवरचं वाळकं काँग्रेस उकिरड्यावर नेलं नाही, तिथंच कुजू दिलं. बी धरलेलं काही असेल तर तेही उकिरड्यात नको.

२१ सप्टेंबर

परतीच्या पावसात मारवेलनं फुटवे टाकले. मुरमावर सगळीकडे नाही, जिथं ओल टिकली तिथंच. पूर्वेच्या शंभर फुटांत आई आणि बायकोनं उपटून काढलेला पट्टा फवारलेल्या तुकड्यांइतकाच स्वच्छ दिसतोय. मजुरी त्यात जास्त गेली, पण तिथला रानमूग जगला आणि शेळ्या आज तिथंच चरल्या. माझं मत विचाराल तर पुढच्या वर्षी हातानं काढायचा भाग वाढेल, औषधाचा कमी होईल.

तारा अजून काढलेल्या नाहीत. फवारलेले तुकडे यंदा चराईला देणार नाही, मारवेलला एक वर्ष मिळू दे.

पुड्यात निम्म्याहून जास्त पावडर उरलीय. मुदत पुढच्या मार्चपर्यंत. तात्यांच्या पुतण्यानं बांधावरची हरणखुरी मारायला लाल फुलीचा पंप मागितला. पंप देईन म्हणालो, पण औषधाचं पत्रक आधी वाचून ये, आणि काकांना विचारून ये.